बॅरलची पसंती

रायफल वाइसमध्ये घट्ट आवळलेली असते. नेम धरायचा नाही, श्वास रोखायचा नाही; पेलेट भरायची आणि ट्रिगर दाबायचा. विक्रोळी पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर दहा मीटरची रेंज आहे. तिथे कुणी नवी एअर रायफल आणली की सर आधी हा कार्यक्रम लावतात. नेमबाजाला बाजूला ठेवलं की उरतात दोघंच, बॅरल आणि पेलेट. त्यांचं पटतंय का, एवढंच बघायचं.

टेबलावर डब्या मांडलेल्या. सगळ्या ४.५ मिलिमीटरच्या, एकेक पेलेट ०.५३ ग्रॅमच्या आसपास. पण लेबल नीट वाचलं तर डोक्याचा व्यास कुठे ४.४९, कुठे ४.५०, कुठे ४.५१. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी वेगळी डबी! नवख्याला ही दुकानदाराची चलाखी वाटते. पण टार्गेटवरचा दहाचा ठिपकाच मुळी अर्ध्या मिलिमीटरचा. दशांशात गुण मोजताना पाव मिलिमीटर सरकलं की ०.१ गेला. साठ गोळ्या, कमाल गुण ६५४. फायनल अशा दशांशांवर हुकते.

डबी बदलली की पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरत नाहीत, बॅरलमध्ये आधीच्या शिशाचा थर असतो. मग पाच गोळ्यांचा ग्रुप. पहिल्या डबीचा कडेपासून कडेपर्यंत सात मिलिमीटर भरला. त्यातून पेलेटचे साडेचार वजा केले की उरले अडीच. म्हणजे नेम अगदी मधोमध असला तरी एखादी गोळी १०.५ वर जाणार, आणि नेमबाज स्वतःला दोष देत बसणार. त्याच कंपनीची, फक्त डोकं वेगळ्या मापाचं असलेली डबी लावली तर साडेपाच. सगळ्यात महागडी डबी या बॅरलला मुळीच मानवली नाही.

पेलेट जवळून बघावी: सपाट डोकं, बारीक कंबर, मागे पोकळ स्कर्ट. स्कर्ट बॅरलच्या आट्यांना घट्ट बसून हवा अडवतो. डोकं सपाट म्हणून कागदाला भोक कंपासने काढल्यासारखं गोल पडतं. स्वीडनमध्ये मूसच्या शिकारीला जाणारा नेमकी उलटी गोळी शोधतो, अंगात शिरल्यावर फुलणारी. तिथल्या नियमानुसार ती ९ ते १० ग्रॅमची असेल तर शंभर मीटरवर किमान २७०० ज्यूल ऊर्जा लागते. आमच्या पेलेटची जेमतेम सात-आठ. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटला, गोळी पारखण्याचं वेड नेमबाजांकडे राहिलं. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, त्या प्रकारातले वरच्या फळीतले नेमबाज पॉइंट टू टू काडतुसांचे लॉटही असेच एकेक लावून निवडतात.

जुळलेल्या डबीचा लॉट नंबर टिपून त्याच लॉटच्या जमतील तेवढ्या डब्या घ्यायच्या. पुढचा लॉट तसाच निघेल याची खात्री नाही. अर्थात ज्या मुलाच्या हातचा ग्रुप अजून वीस मिलिमीटरचा आहे, त्याच्या आईवडिलांनी या फंदात पडू नये. साधी डबी घ्यावी, सराव वाढवावा.

खाडी जवळ असल्याने पावसाळ्यात उघड्या डबीतल्या शिशावर पांढरी भुकटी धरते. म्हणून कपाटात सिलिका जेलच्या पुड्या असतात. आणि साबणाने हात धुतल्याशिवाय सर कुणाला खाऊच्या डब्याला हात लावू देत नाहीत.