'रन' : एका इंग्रजी क्रियापदाची अनेकार्थता आणि तिचे अध्यापन

प्रस्तावना

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या पहिल्या शंभर शब्दांत 'रन' हा शब्द बहुधा असतोच. 'रन म्हणजे धावणे' हे समीकरण त्या वयात पक्के होते आणि पदवीच्या वर्गापर्यंत सहसा कोणी त्यास हात लावीत नाही. मग 'शी रन्स अ स्कूल' या साध्या वाक्याचा अर्थ 'ती शाळेत धावते' असा केला जातो. वाक्यातील प्रत्येक शब्द विद्यार्थ्यास ठाऊक असतो. तरीही 'ती शाळा चालविते' हा अर्थ त्याच्या हाती लागत नाही. कठीण शब्दासाठी तो शब्दकोश उघडतो. ओळखीच्या शब्दासाठी उघडीत नाही. म्हणूनच ओळखीचा शब्द त्यास अधिक फसवितो.

हा शब्द किती पसरलेला आहे, याची कल्पना ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीवरून येते. या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढील संशोधित आवृत्तीच्या कामात तो मान 'रन'कडे गेला. कोशकार पीटर गिलिव्हर यांनी सुमारे नऊ महिने या एकाच शब्दावर काम केले आणि त्याच्या केवळ क्रियापदरूपाचे ६४५ अर्थ नोंदविले. हे सर्व अर्थ पाठ करून घेणे अशक्य आहे. ते एकमेकांपासून कसे निघाले आणि वाचकाने त्यांपैकी नेमका अर्थ कसा ओळखावा, हे शिकविता येते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अनेकार्थता आणि समरूपता

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. इंग्रजीत 'बॅट' म्हणजे वटवाघूळ आणि 'बॅट' म्हणजे चेंडू टोलविण्याची फळी. हे दोन शब्द भिन्न मुळांतून येऊन उच्चारात एकरूप झाले आहेत. मराठीत नवरदेव या अर्थाचा 'वर' आणि 'उपरि'पासून आलेला, स्थान दाखविणारा 'वर' यांचे नातेही असेच आहे. ही समरूपता होय. 'रन'चे तसे नाही. येथे मूळ एक असून त्यास अनेक फांद्या फुटल्या आहेत. अशा स्थितीस फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात 'पॉलिसेमी' हे नाव दिले; मराठीत आपण तीस अनेकार्थता म्हणतो. समरूप शब्द सुटे सुटे शिकवावे लागतात. अनेकार्थी शब्दाचे अर्थ मात्र परस्परसंबंध दाखवून शिकविता येतात.

शब्दाचे मूळ

जुन्या इंग्रजीतील ज्या क्रियापदातून 'रन' आला, त्यात धावणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ होते. जर्मन भाषेतील त्याचा सगोत्र शब्द 'रिन्नेन' आजही प्रामुख्याने द्रवाच्या वाहण्यासाठीच वापरला जातो. म्हणजे 'द रिव्हर रन्स' या प्रयोगात नदी माणसासारखी धावते अशी कविकल्पना मानण्याचे कारण नाही. वाहणे हा या शब्दाचा जुना, घरचाच अर्थ आहे.

दुसरी गोष्ट अध्यापनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. जुन्या इंग्रजीत 'धावणे' आणि 'धावविणे' यांसाठी दोन वेगळी रूपे होती. कालांतराने ती एकाच रूपात विलीन झाली. मराठीने हा भेद आजवर जपला आहे : यंत्र चालते, माणूस यंत्र चालवितो. इंग्रजीत यंत्रही 'रन' करते आणि माणूसही यंत्र 'रन' करतो. प्रयोजकाची खूण क्रियापदात शोधण्याची सवय असलेल्या मराठी विद्यार्थ्यास ती येथे सापडत नाही. ती खूण आता वाक्यरचनेत, म्हणजे क्रियापदानंतर थेट येणाऱ्या कर्मात असते. 'शी रन्स अ स्कूल' या वाक्यात विद्यार्थी चुकतो तो बहुतांशी याच ठिकाणी.

अर्थविस्ताराच्या दिशा

'स्वतःच्या ओघाने, खंड न पडता होणारी गती' हे सूत्र धरल्यास 'रन'चे बहुतेक प्रमुख अर्थ त्याभोवती मांडता येतात.

पहिली दिशा द्रवाची. नळ सुरू असतो, नाक वाहते, धुताना कापडाचा रंग जातो. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत 'रन' येतो.

दुसरी दिशा यंत्राची व कारभाराची. इंजिन चालते, आगगाडी वेळापत्रकानुसार धावते, संगणकावर प्रोग्रॅम चालतो. यंत्रावरून ही कल्पना संस्थेकडे सरकते : दुकान, शाळा, राज्यकारभार चालविणे.

तिसरी दिशा अवकाशाची. रस्ता नदीच्या काठाने 'रन' करतो. प्रत्यक्षात रस्ता जागचा हलत नाही. हलते ती पाहणाऱ्याची नजर. मराठीतही रस्ता 'जातो'च.

चौथी दिशा काळाची. भाडेकरार पाच वर्षे 'रन' करतो. नाटकाचे सलग प्रयोग हाही 'रन'च. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या 'द माउसट्रॅप' या नाटकाचा लंडनमधील 'रन' १९५२ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०२० मध्ये साथीमुळे नाट्यगृहे बंद होईपर्यंत अखंड राहिला.

नामरूपातही हाच ओघ दिसतो. क्रिकेटमधील 'रन' ही खेळपट्टीवरील धाव; मराठीने तिचे 'धाव' असे सरळ भाषांतर केले व ते रुळले. परंतु 'रन ऑन अ बँक' म्हणजे ठेवी काढून घेण्यासाठी ठेवीदारांनी एकाच वेळी केलेली गर्दी. सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडमधील नॉर्दर्न रॉक या बँकेसमोर रांगा लागल्या, त्या प्रसंगास हाच शब्द लावला गेला. येथे 'धाव' म्हणून भागत नाही.

सर्वच प्रयोग या सूत्रात बसतात असे मात्र नाही. 'रन आउट ऑफ' म्हणजे एखादी वस्तू संपणे, 'रन इंटू' म्हणजे अचानक गाठ पडणे किंवा आदळणे, 'रन डाउन' म्हणजे वाहनाची धडक देऊन पाडणे किंवा एखाद्याची निंदा करणे. अशा जोडक्रियापदांचा अर्थ त्यांच्या घटकांवरून दर वेळी काढता येत नाही. ती स्वतंत्र शब्द मानूनच शिकवावी लागतात.

मराठीतील प्रतिरूप

'रन'ला मराठीत एकच प्रतिशब्द नाही. परंतु त्याच्यासारखा वागणारा शब्द आहे, तो म्हणजे 'चालणे'. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, नाणे चालते, एखाद्याचे घरात चालते आणि 'चहा चालेल का?' असेही आपण विचारतो. यांपैकी कोठेही पाय हलत नाहीत, तरी मराठी भाषकास संभ्रम पडत नाही. इंग्रजीने ज्या कामासाठी धावण्याचा शब्द योजिला, त्यांपैकी पुष्कळ कामे मराठीने चालण्याच्या शब्दावर सोपविली. ही तुलना वर्गात मांडल्यास 'एका शब्दाचे इतके अर्थ कसे?' हा विद्यार्थ्याचा प्रश्न परक्या भाषेपुरता राहत नाही. आपल्या भाषेत आपण जे नकळत करतो, तेच येथे जाणीवपूर्वक करावयाचे आहे, हे त्याच्या ध्यानी येते.

अर्थनिश्चिती आणि अध्यापन

अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशावरून ठरतो, हा प्रश्न भारतीय परंपरेस नवा नाही. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त संयोग, साहचर्य, प्रकरण, औचिती, देश, काल इत्यादी अर्थनिश्चयाची साधने सांगितली आहेत. 'हरी' शब्दाचे विष्णू, सिंह, वानर असे अनेक अर्थ होतात; शंखचक्राचा उल्लेख सोबत आला की विष्णू हाच अर्थ निश्चित होतो. विसाव्या शतकात ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून पटते, असाच विचार मांडला. जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये सिद्ध झालेला कोबिल्ड शब्दकोश याच विचाराच्या पायावर, प्रत्यक्ष वापरातील मजकुराच्या आधारे रचला गेला.

या आधारे 'रन' असलेले वाक्य वाचताना विद्यार्थ्यास तीन प्रश्न विचारण्याची सवय लावता येईल. कर्ता कोण : माणूस, द्रव, यंत्र, रस्ता की काळ? क्रियापदानंतर थेट कर्म आले आहे काय? सोबत 'आउट', 'इंटू', 'डाउन' यांसारखे अव्यय आहे काय? 'शी रन्स टू स्कूल' आणि 'शी रन्स अ स्कूल' ही वाक्ये शेजारी लिहून दुसरा प्रश्न विचारला, तरी प्रारंभी दिलेली चूक बरीचशी टळेल.

कोणते अर्थ आधी शिकवावेत, याचाही निकष उपलब्ध आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुमारे दोन हजार शब्दांच्या यादीत शब्दांबरोबर त्यांच्या निरनिराळ्या अर्थांच्या वापराचे प्रमाणही दिले होते. वारंवार येणारे अर्थ आधी, विरळ अर्थ नंतर, हा क्रम आजही ग्राह्य आहे.

समारोप

'रन'सारखेच 'सेट', 'गेट', 'टेक', 'गो' हे शब्दही लहान, परिचित आणि म्हणूनच दुर्लक्षित आहेत. आपल्या शब्दसंग्रहाच्या प्रश्नपत्रिका बहुधा अपरिचित, लांबलचक शब्दांचे अर्थ विचारतात. परिणामी, विद्यार्थी दुर्मिळ शब्दांची यादी घेऊन बाहेर पडतो आणि वृत्तपत्रातील साध्या वाक्यापाशी अडखळतो. प्रश्नपत्रिकेत एकाच परिचित शब्दाची चार वाक्ये देऊन चार अर्थ विचारले, तर अध्यापनाचा रोख आपोआप बदलेल. त्यासाठी नवा अभ्यासक्रम किंवा नवे साधन लागत नाही. शब्दाचा अर्थ सांगण्यापूर्वी तो ज्या वाक्यात आला आहे ते वाक्य विचारण्याची शिस्त अध्यापकाने स्वतःस लावून घेतली, तरी पुरेसे आहे.