आखूड पाय आणि बुटाची उंची

वसंतातील व्याख्यानांत राष्ट्र, संस्कृती, अर्थकारण असे भारदस्त विषय असतात. त्या पंक्तीत बुटाची टाच आणून बसविल्याबद्दल काही श्रोत्यांनी भुवया चढविल्या असतील. पण आमचे आयुष्य कामगारांत गेले आहे, आणि कामगाराचे अर्थकारण त्याच्या दोन पायांवर उभे असते हे शिकायला आम्हांला पुस्तक उघडावे लागले नाही. ते दोन पाय सारख्या लांबीचे नसले तर काय होते आणि त्यावर पादत्राणाने काय साधते, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत रात्री झाले, आणि उरलेले शिक्षण जखमी सोबत्यांना घेऊन रुग्णालयांच्या बाकांवर बसताना मिळाले.

पहिली गोष्ट ही की, तंतोतंत सारखे पाय फार थोड्यांचे असतात. क्ष-किरणांनी मोजमाप करणाऱ्यांना बहुतेक माणसांत काही ना काही फरक आढळला आहे. सरासरी सुमारे ५ मिलिमीटर. एवढा फरक शरीर आयुष्यभर बिनतक्रार सांभाळते. ही गोष्ट डॉक्टरच्या आधी शिंप्याला कळते. विजारीचा एक पाय नेहमीच जमिनीला लागतो अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक येते, आणि शिंपी काही न बोलता त्या बाजूची दुमड अर्धे बोट वर घेतो. साधारणतः एक सेंटिमीटरच्या आतला फरक असेल आणि दुखणे काही नसेल, तर त्याच्या वाटेस जाऊ नये, असेच जाणते डॉक्टर सांगतात. दोन सेंटिमीटरच्या पुढे मात्र चाल बिघडते आणि उपाय करावा लागतो. मधल्या पट्ट्यातल्या माणसाचा निर्णय त्याचे दुखणे पाहून आणि त्याचे काम पाहून व्हावा. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याचा दीड सेंटिमीटर आणि दिवसभर जिने चढणाऱ्याचा दीड सेंटिमीटर, हे एकच माप नव्हे.

कोराडीकरांना हे अधिक सांगायला नको. येथले वीजकेंद्र १९७४ साली सुरू झाले तेव्हा संच १२० मेगावॅटचे होते. नंतर ६६० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. बॉयलर उंच झाले तसे जाळीचे जिनेही उंच झाले.

पाय आखूड होण्याची कारणे अनेक आहेत. मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडून एकमेकांवर चढून जुळले, खुब्याचा सांधा क्षयाने खाल्ला गेला, लहानपणी हाडाच्या वाढीच्या जागेला इजा झाली, म्हणजे पाय आखूड राहतो. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या पिढीत पोलिओने बारीक झालेले पाय पुष्कळ दिसतात. देशातला रानटी विषाणूचा शेवटचा पोलिओ-रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पण रोग गेला तरी त्याने आखूड केलेले पाय रोज कामावर जात आहेत. अलीकडे मोटारसायकलने त्यांत मोठीच भर घातली आहे.

शरीर हा फरक झाकण्याची शिकस्त करते. आखूड पायाची टाच उचलली जाते, लांब पायाचा गुडघा किंचित वाकतो, कमर एका बाजूला कलते, आणि वरचे डोके सरळ राहावे म्हणून पाठीचा कणा बाकदार होतो. हे सारे फुकट होत नाही. २०१० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५० ते ७९ वयाच्या ३,०२६ माणसांचे पाय मोजले होते. एक सेंटिमीटर किंवा अधिक फरक असणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळली, आणि ती विशेषतः आखूड पायाच्या गुडघ्यात. फरकामुळेच झीज झाली असे एवढ्याने सिद्ध होत नाही. पण गुडघा कुरकुरत असेल तर पायाचे माप घेणे शहाणपणाचे, इतके त्यावरून म्हणता येते.

आता एक सावधगिरीची गोष्ट. पाय आखूड असणे आणि पाय आखूड दिसणे यांत अंतर आहे. कमरेचे स्नायू एका बाजूला आखडले, एकच पाऊल सपाट झाले, किंवा खुब्याचा सांधा नुकताच बदलला असला, म्हणजे हाडे सारखी असूनही एक पाय आखूड वाटतो. अशा माणसाने टाचेखाली गादी घातली तर वाकडेपण पक्के होते. त्याला व्यायाम हवा असतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर काही महिने थांबून, शरीर काय करते ते पाहूनच उंचीचा विचार करतात. आणि लंगडणारे मूल असेल तर मोच्याकडे मुळीच जाऊ नये, आधी अस्थितज्ज्ञाकडे जावे. त्याचा पाय अजून वाढत असतो.

माप घेण्याची साधी रीत दोन प्रकारची. रुग्णाला निजवून कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत फीत धरतात. दुसरी रीत आम्हांला अधिक पटते. माणसाला अनवाणी, गुडघे सरळ ठेवून उभे करतात आणि आखूड पायाखाली ठरावीक जाडीच्या लाकडी पट्ट्या एकावर एक सरकवतात. कमरेची दोन्ही हाडे एका रेषेत आली की पट्ट्यांची जाडी मोजायची. फीत फक्त हाड मोजते, पट्टीवर माणूस उभा असतो, आणि तो स्वतःच सांगतो की, "हं, आता बरं वाटते, अजून नका वाढवू." शंका राहिली तर क्ष-किरण आहेतच.

मापाइतकी पूर्ण उंची लगेच द्यायची, असे मात्र नाही. वीस वर्षे कललेली कमर एका दिवसात सरळ केली तर पाठ बंड करते. सुरुवात तीन ते पाच मिलिमीटरने करावी, दोन-तीन आठवडे चालून पाहावे, मग आणखी तेवढेच वाढवावे, आणि दुखणे थांबले की तिथेच थांबावे. वय झालेल्या, कणा ताठरलेल्या माणसाला निम्मी उंचीही पुरते. पोलिओने पाऊल लुळे झाले असेल तर तो पाय मुद्दाम सेंटिमीटरभर आखूड ठेवतात. नाहीतर पाऊल पुढे टाकताना बोटे जमिनीला घासतात आणि माणूस पडतो. हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा आखूडपणाचाही असा उपयोग असतो याची मौज वाटली.

बुटाच्या आत साधारण एक सेंटिमीटरपर्यंतच उंची मावते. त्याहून अधिक घातली की टाच बुटाबाहेर निसटते. आतली गादी घट्ट बुचाची किंवा दाट रबराची असावी. बाजारातली मऊ पारदर्शक गादी हाताला छान लागते, पण अंगाचे वजन पडले की चेपते, आणि दहा मिलिमीटरचे पैसे देऊन माणूस त्याहून कमी उंचीवर चालत राहतो. एक बिनखर्ची युक्ती अशी की, लांब पायाच्या बुटातली सुटी गादी काढून टाकावी. तीन-चार मिलिमीटर तेथेच भरून निघतात.

याहून मोठा फरक बाहेरून, तळाला थर जोडून भरावा लागतो. तेथे नुसती टाच उंच करून भागत नाही. टाचेला तीन सेंटिमीटर दिले तर पंज्याखाली दोनच्या आसपास द्यावे आणि बोटांकडे उतरते करावे, म्हणजे पाऊल पुढे गडगडते. केवळ टाच उंचावली तर पोटरी आखडते. थर हलक्या स्पंजी रबराचा असावा, जड रबराने पाय ओढावा लागतो. सूक्ष्मछिद्री रबर हिंदुस्थानातील पादत्राणांत आले ते वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांसाठी केलेल्या कामातून. चांगला मोची असा थर बेमालूम बसवतो, मात्र माप डॉक्टरने लिहून दिलेले असावे. मुंबईला हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हे काम करते. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा अस्थिविभाग आणि दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे.

परदेशी पुस्तके एक गोष्ट गृहीत धरतात: माणूस सकाळी बूट चढवतो आणि रात्री निजताना काढतो. आपल्याकडे चप्पल उंबऱ्याशी सुटते. घरात, देवळात, ओसरीवर आपण अनवाणी असतो. नवरात्रात नागपुराहून जगदंबेच्या दर्शनाला पायी येणाऱ्यांत अनवाणी येणारेही असतात. म्हणजे बुटात उंची घालून दिली तरी अर्धा दिवस ती दाराबाहेर पडून राहते. गृहिणीची तर गोष्टच वेगळी. तिच्या पायात दिवसाकाठी तासभरही पादत्राण नसते आणि ओट्याशी उभे राहणे मात्र चार-पाच तास. तिला बुटाची चिठ्ठी देणे म्हणजे काहीच न देणे होय. तिच्यासाठी घरात वापरायची, मागे पट्टा असलेली, एका पायाला उंच अशी स्वतंत्र सपाता करून घ्यावी आणि ती स्वयंपाकघरात चालेल असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी आधी कबूल करावे. अंगठ्याच्या चपलेत गादी टिकत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कामाच्या बुटाचा प्रश्न आणखी बिकट. संरक्षक बुटाच्या टोकाला पोलादी टोपी असते. आत जाड गादी घातली की बोटे वर येऊन त्या टोपीला घासतात. बाहेरून मोच्याने थर चिकटविला तर तळाचा घसरणरोधक किंवा विद्युत्‌रोधक गुण जाण्याचा धोका असतो. म्हणून कामाचा बूट उत्पादकाकडूनच उंचीसह बनवून घेतला पाहिजे, आणि तो खर्च कामगाराचा नव्हे. एका कारखान्यातील फिटर आम्हांला ठाऊक आहे; मांडीचे हाड मोडून दोन सेंटिमीटर गेले. त्याने घडी केलेला पुठ्ठा बुटात घातला आणि कोणाला कळू दिले नाही. "लंगडा म्हटला तर काम जाते भाऊ," एवढेच त्याचे म्हणणे.

ही भीती खोटी नाही, पण अर्धवट माहितीवर पोसलेली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमानुसार शासकीय आस्थापनेला, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या हुद्द्यावर ढकलता येत नाही. शासनाच्या मालकीच्या कंपन्याही त्यात येतात. कंत्राटी मजुराला ही सावली सहज मिळत नाही, म्हणून त्याच्यासाठी संघटनेनेच उभे राहावे लागते. टक्केवारीच्या दाखल्यावर मात्र भिस्त ठेवू नये. २००१ सालच्या सूचनांत आखूडपणाच्या पहिल्या अर्ध्या इंचाला शून्य आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला ४ टक्के धरले होते. त्या हिशेबाने केवळ आखूडपणावर ४० टक्के गाठायचे तर पाय साडेपाच इंच आखूड हवा!

फरक पाच सेंटिमीटरच्या पुढे गेला तर हाड लांबविण्याची शस्त्रक्रिया आहे. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रील इलिझारॉव्ह यांनी १९५१ च्या सुमारास ती सुरू केली. हाड कापून कडीच्या चौकटीत धरतात आणि रोज एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, ताणतात. नवे हाड पक्के होईपर्यंत महिनोन्‌महिने जातात. रोजंदारीवरच्या माणसाने हा हिशेब घरच्यांसह बसून करावा.

कारखान्यांतून बुटांच्या वार्षिक मागणीचे जे तक्ते फिरतात, त्यांत नाव, खाते आणि बुटाचा नंबर एवढेच रकाने असतात. आमची मागणी अशी की त्यात आणखी दोन रकाने काढावेत: डावी उंची, उजवी उंची. बहुतेकांपुढे ते कोरे राहतील. ज्यांच्यापुढे भरायचे, त्यांना माप घेण्यासाठी भरपगारी अर्धा दिवस द्यावा.