‘सार्वकालिक जीवन’ म्हणजे नेमकं काय? संकटात ख्रिस्ती माणसाला आशा कुठून मिळते?

घरात कुणी गेलं की आपण सहज म्हणतो, ‘देवाघरी गेले’. मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या निधनवार्तेत अनेकदा वेगळे शब्द दिसतात: ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’. निद्रिस्त, म्हणजे झोपलेले. झोपलेला माणूस पुन्हा उठतो, हे त्या शब्दात गृहीत धरलेलं आहे. इंग्रजीत कबरस्तानासाठी असलेला ‘सेमेटरी’ हा शब्दही ‘झोपण्याची जागा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला.

ही श्रद्धा समजून घेताना बरेच जण एक चूक करतात. सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यानंतर आत्म्याने ढगांवर जाऊन राहणं, अशी त्यांची समजूत असते. बायबलमधली कल्पना वेगळी आहे. ती मोक्षासारखी जन्म-मरणाच्या फेऱ्यातून सुटण्याचीही नाही. मेलेले शरीरासह उठतील, आकाश आणि पृथ्वी नवी होतील आणि देव माणसांमध्ये येऊन राहील, असं चित्र शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानानुसार देवाला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन. म्हणजे त्याची सुरुवात मरणानंतर होत नाही, ती आत्ताच होते.

या सगळ्याचा पाया ईस्टर आहे. येशू कबरेतून उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट आहे, असं संत पौल करिंथच्या मंडळीला स्वच्छ लिहितो.

मग दुःखाचं काय? त्याच मंडळीला इ. स. 55 च्या आसपास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल आपल्या संकटांना क्षणिक आणि हलकी म्हणतो. नुसतं एवढंच वाक्य फोटोवर छापून फॉरवर्ड केलं, तर दुःखात असलेल्या माणसाला ते टोचेल. पण पत्र पूर्ण वाचलं की कळतं, हा माणूस फटके खाऊन, तुरुंग भोगून, तीनदा जहाज फुटलेलं पाहून बोलतोय. आशिया प्रांतात तर जगण्याचीही आशा सोडली होती, हे तो सुरुवातीलाच कबूल करतो. तो दुःखाला खोटं ठरवत नाही. तो ते तराजूत टाकतो आणि दुसऱ्या पारड्यात येणारं वैभव ठेवतो. हिब्रू भाषेत वैभवासाठीचा शब्द आणि ‘जड’ यांचं मूळ एकच आहे, त्यामुळे यहुदी घरात वाढलेल्या पौलाला ही वजनाची भाषा सुचावी यात नवल नाही.

रडायचं नाही, असंही हा विश्वास सांगत नाही. लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला. बायबलमधली कितीतरी स्तोत्रं म्हणजे देवाकडे केलेली उघड तक्रार आहे. शोक करू नका, असं पौलही थेस्सलनीकाच्या लोकांना म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, म्हणतो. म्हणून ‘तो आता चांगल्या ठिकाणी आहे, रडू नकोस’ हे सांत्वन कितीही प्रेमाने केलं तरी बायबलला धरून नाही.

स्वर्गाच्या आशेने माणूस इथल्या अन्यायाकडे पाठ फिरवतो, हा आक्षेप जुना आहे. मार्क्सने धर्माला अफू म्हटलं ते याच अर्थाने, आणि काही वेळा ते खरंही ठरलं आहे. पण महाराष्ट्रातलंच एक उदाहरण या आक्षेपात बसत नाही.

पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि मोठी बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. 1880 मध्ये भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. पदरात लहानगी मनोरमा होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात वादळ उठलं, तो वेगळा विषय. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याकडे घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे शाळा होती, शेती होती, विणकाम होतं, छापखानाही होता. एकेकाळी स्वतः उपाशी भटकलेल्या बाईने शेकडो मुलींच्या जेवणाची आणि शिक्षणाची सोय केली. नव्या पृथ्वीची वाट पाहणाऱ्या रमाबाईंनी या पृथ्वीवरचं काम टाळलं नाही.

जुलै 1921 मध्ये मनोरमाही गेली. वय चाळीस. आईच्या कामात ती वर्षानुवर्षं बरोबरीने उभी होती आणि पुढे तीच ते सांभाळेल असं धरलेलं होतं. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत अख्खं बायबल आणण्याचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. मुलगी गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच त्यांचं निधन झालं. भाषांतर छापून बाहेर पडलं ते त्यानंतर, मिशनच्या स्वतःच्या छापखान्यातून.