लोणच्याच्या बरणीचा तळ

एकत्र कुटुंबात कैरीच्या लोणच्याची बरणी माघातच तळ दाखविते, आणि नवी कैरी चैत्रापूर्वी येत नाही. आमच्या घरी गतवर्षी असेच झाले. नव्वदीच्या आत्याबाई लोणच्यावाचून घास घेईनात. नंदुरबारकरांस उपाय दूर शोधावयास नको. सातपुड्यात धडगावकडील आदिवासी भगिनी कैरी सोलून, चिरून उन्हात वाळवितात. पाणी उडते, आम्लरस राहतो. तेच आमचूर. त्याच्या फोडी कोमट पाण्यात भिजवून वाटाव्या; गूळ, मीठ, जिरे व येथील प्रसिद्ध लाल मिरचीचे तिखट घालून हिंगाची फोडणी द्यावी. ही चटणी ओली असल्यामुळे दोन दिवसांतच संपवावी. आत्याबाई दोन घास अधिक जेवल्या. मात्र आमचूर घेताना, उन्हात राबलेल्या त्या हातांशी दराची घासाघीस करू नये.