दादी-नानींजवळ बसणारी आपली मुलं: समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना साथ कशी द्यायची?

घरातली मुलगी बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यूला प्रवेश घेते आणि एक दिवस सांगते, "अम्मी, मला क्षेत्रकार्यासाठी वृद्धाश्रम मिळालाय." लगेच प्रश्न येतो, "शिकायला पाठवलं ना? मग तिथं म्हाताऱ्या माणसांजवळ बसून काय करणार?" उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. म्हणून हे काम नेमकं काय असतं आणि त्यात आपला वाटा काय, ते समजून घेऊ.

क्षेत्रकार्य म्हणजे काय?

आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षण जुनं आहे. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा सुरू झाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९५५ साली निर्मला निकेतन सुरू झालं. या शिक्षणात वर्गाइतकंच वजन क्षेत्रकार्याला असतं. साधारणपणे आठवड्याचे दोन दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत, रुग्णालयात किंवा वस्तीत काम करतात, त्याचा अहवाल लिहितात आणि मार्गदर्शक शिक्षकांशी चर्चा करतात. त्याचे गुणही मिळतात. म्हणजे "बसून गप्पा मारणं" हाही अभ्यासच आहे.

वृद्धांसोबत या मुलांना ऐकायचं असतं, पेन्शनचे अर्ज भरायचे असतात, दवाखान्यात सोबत जायचं असतं, कधी रुसलेल्या मुलाशी बोलणं सुरू करून द्यायचं असतं.

मुलांवर ओझं कशाचं येतं?

पहिलं ओझं मृत्यूचं. वीस-बावीस वर्षांच्या मुलीने दोन महिने ज्या नानींचे केस विंचरले, त्या एका सोमवारी दिसतच नाहीत. पलंगावर नवी चादर असते. संस्थेला ही रोजची गोष्ट, पण मुलीसाठी तो पहिलाच धक्का असतो. घरी आल्यावर "असंच असतं, जेव आता" म्हणून विषय मिटवू नका. दहा मिनिटं तिला बोलू द्या. त्या नानींसाठी दुआ करायची असेल तर तिच्यासोबत तुम्हीही करा.

दुसरं ओझं गुपिताचं. समजा, एखाद्या दादी हळूच सांगतात, "बेटा, लेकाने घराच्या कागदावर माझा अंगठा घेतला, आता दोन वेळचं जेवणही नीट देत नाही." हे ऐकून विद्यार्थ्याचं रक्त उसळतं. पण त्याने थेट त्या मुलाला जाब विचारायला जाऊ नये. विद्यार्थी निघून गेल्यावर त्याचा राग दादींवरच निघेल. योग्य वाट अशी: त्याच दिवशी मार्गदर्शकांना सांगायचं, ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं आणि पुढचं पाऊल दादींना विचारूनच टाकायचं. जीवाला धोका दिसला तर मात्र जराही थांबायचं नाही. ही गोष्ट घरच्यांनाही सांगायची नसते. म्हणून "कुणाची आई? कुठल्या बिल्डिंगमधली?" असं आपण खोदून विचारू नये. तो त्या दादींच्या अब्रूचा प्रश्न आहे.

तिसरं ओझं मर्यादेचं. स्वतःच्या खिशातून औषधं आणून देणं, रात्री-अपरात्री फोन घेणं यात मुलं अडकतात. नाही म्हणताना जीव तुटतो. मदत संस्थेमार्फत पोहोचवायची, हे मोठ्यांनी त्यांना समजावलं पाहिजे.

मुलांच्या हाती असावी अशी माहिती

- २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार आई-वडील मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. महिना १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मंजूर होऊ शकते.
- सांभाळ करण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर कलम २३ नुसार तो व्यवहार रद्द करण्याची मागणी करता येते. म्हणून कागदावर ती अट स्पष्ट लिहून घेणं महत्त्वाचं.
- श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांना महिना १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा.
- ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे.
- ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन: १४५६७.

आपण काय करू शकतो?

बदलापूरहून मुंबईच्या कॉलेजला रोज लोकलने जायचं म्हणजे येण्या-जाण्यातच चार तास जातात. क्षेत्रकार्य घराजवळ मिळालं तर मुलींना मोठा आधार होतो. आपल्या जमातीने, मोहल्ला कमिटीने किंवा ट्रस्टने जवळच्या महाविद्यालयाला पत्र लिहून विद्यार्थी मागावेत. फक्त "पाठवा" म्हणून भागत नाही. बसायला जागा, ओळख करून देणारं एक जबाबदार माणूस आणि कामाचा स्पष्ट आराखडा द्यावा लागतो. विद्यार्थ्यांना चहा आणायला किंवा कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडायला लावू नये.

विद्यार्थी आपल्या घरी आला, तो दुसऱ्या धर्माचा असला, तर त्याला आपल्या रीती प्रेमाने सांगा. अब्बा नमाजला बसले की थोडं थांबायचं, रमजानमध्ये दुपारी थकवा असतो, इद्दतीत असलेल्या दादींना भेटायला विद्यार्थिनी आलेली बरी. एवढं सांगितलं की त्याचं अवघडलेपण जातं. आणि त्याला वृद्धांशी एकांतात बोलू द्या. सून दारात उभी असेल तर सासू मनातलं बोलणार नाही.

आई-वडील म्हातारे झाले की त्यांच्याशी नरमाईने बोलावं, ही शिकवण आपल्याला सूरह बनी इस्राईलमध्ये मिळते. आपली मुलं जेव्हा परक्यांच्या आई-वडिलांजवळ बसतात, तेव्हा तीच शिकवण ती उंबऱ्याबाहेर नेत असतात. आज संध्याकाळी मुलगी दमून घरी आली तर गुण किती मिळाले हे नंतर विचारा. आधी विचारा, "आज कुणाशी बोललीस? तुला कसं वाटलं?"