आधी लगीन ॲप्लिकेशनचं!

अप्रेजल होतं, इन्क्रिमेंटचा आकडा बघून तोंड आंबट होतं आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये ते वाक्य ऐकू येतं, ‘बस्स झालं, आता बाहेर जाऊन एमबीए करायचं!’ दोन दिवस गूगलवर कॉलेजं शोधली जातात, तिसऱ्या दिवशी प्रोजेक्टचा रिलीज येतो आणि विषय बारगळतो. पुन्हा आठवण होते ती थेट डिसेंबरात. मग जागरणं, चिडचिड आणि ‘सर, उद्यापर्यंत रेको द्याल का?’ अशी विनवणी!

तर मंडळी, तिकडच्या ॲडमिशनचं गणित जरा वेगळं आहे. आपल्याकडे मेरिट लिस्ट लागते. फॉर्म पहिल्या दिवशी भरा नाहीतर शेवटच्या, मार्क तेच राहतात. अमेरिकेतल्या बड्या बी-स्कूल्स मात्र राउंड्समध्ये अर्ज घेतात. हार्वर्डचे एमबीएसाठी दोनच राउंड असतात, एक सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि दुसरा जानेवारीच्या. म्हणजे कोर्स सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी! जिथे तिसरा राउंड असतो, तिथे तोवर बऱ्याचशा सीट्स आणि स्कॉलरशिपचे पैसे वाटून झालेले असतात. एमएसच्या काही कोर्सना तर ‘रोलिंग’ पद्धत असते. अर्ज येतील तसे वाचायचे, जागा संपल्या की खेळ खल्लास!

सेकंड चान्सचा फंडा

लवकर अर्ज करण्याचा खरा फायदा म्हणजे चुकायला जागा मिळते. जीमॅट मनासारखी गेली नाही? १६ दिवसांनी पुन्हा देता येते, जीआरई २१ दिवसांनी. मेमध्ये पहिला अटेम्प्ट दिलात, तर सप्टेंबरच्या आत दुसरा आरामात बसतो. या दोन्हींचे स्कोअर ५ वर्षं चालतात. टोफेल आणि आयईएलटीएसचे मात्र दोनच वर्षं. आणि पहिल्या राउंडमध्ये नकार आलाच, तर दुसऱ्या राउंडला दुसरी कॉलेजं आहेतच की!

रेकोचंही तसंच. एप्रिलमध्ये अप्रेजल असेल, तर इन्क्रिमेंट खिशात पडल्यावर जूनमध्ये बॉसशी बोला. त्यालाही लिहायला वेळ मिळतो आणि तुमचं रेटिंगही धोक्यात येत नाही. सध्याच्या बॉसला कळू द्यायचं नसेल, तर जुन्या कंपनीतला मॅनेजर गाठा. पण त्यालाही शोधून काढायला दिवस लागतातच ना!

कागद, पैसा, व्हिसा

ॲडमिशनचं पत्र आलं म्हणजे जिंकलो, असं नाही. जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी साधारणपणे एपीएस सर्टिफिकेट लागतं. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटचा मार्ग निवडलात, तर सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. एवढी रक्कम, लोनची मंजुरी, युनिव्हर्सिटीचे ट्रान्सक्रिप्ट, हे सगळं एका वीकएंडचं काम नाही.

अमेरिकेचं उदाहरण तर ताजं आहे. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकी सरकारने जगभरात विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवलं आणि ते पुन्हा सुरू केलं जूनमध्ये. ज्यांची मुलाखत आधीच ठरली होती, त्यांच्या तारखा कायम राहिल्या. बाकीचे मात्र ऐन सीझनमध्ये रोज वेबसाइट रिफ्रेश करत बसले. कोर्स सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत हा व्हिसा मिळू शकतो; देशात प्रवेश मात्र ३० दिवस आधीच. ज्याचा अर्ज आधी, त्याची कागदपत्रं आधी, त्याची मुलाखतही आधी!

पण घाई नको हं!

लवकर म्हणजे अर्धवट नव्हे. निबंध कच्चा असेल, तर सप्टेंबरचा हट्ट सोडा, जानेवारीत दमदार अर्ज करा. आणि घरातलं धाकटं भावंड पदवीसाठी अमेरिकेला निघालं असेल, तर त्याला एक सांगा. तिथला ‘अर्ली डिसिजन’ हा बंधनकारक करार असतो. प्रवेश मिळाला की बाकी अर्ज मागे घ्यायचे, म्हणजे दुसऱ्या कॉलेजची स्कॉलरशिप तुलनेला हातात राहत नाही. ‘अर्ली ॲक्शन’मध्ये उत्तर लवकर मिळतं, पण तिथेच जायची सक्ती नसते.

या वीकएंडला एवढंच करा: ५ कॉलेजांच्या तारखा लिहून काढा, परीक्षेचा स्लॉट बुक करा आणि रेकोसाठी दोन नावं ठरवा. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच असू द्या. त्याची वेळ ऑफर लेटर, लोन आणि व्हिसा हातात आल्यावर!