गर्भवतीच्या रक्तातून साथीचे मोजमाप

एखाद्या देशात एचआयव्ही किती पसरला आहे हे ठरवण्यासाठी सर्व प्रौढांचे रक्त तपासणे शक्य नसते. म्हणून साथरोगतज्ज्ञांनी असा समूह निवडला, जो आपणहून दवाखान्यात येतो, ज्याचे रक्त एरवीही घेतले जाते आणि जो कोणत्याही एका जोखमीच्या गटापुरता मर्यादित नसतो. प्रसूतिपूर्व तपासणीसाठी येणाऱ्या गर्भवती स्त्रियांचा हा समूह होय. भारतात १९९८ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, म्हणजेच ‘नॅको’ने, त्यांच्यावर आधारित ‘सेंटिनल सर्वेक्षण’ (मोजक्या केंद्रांवर सातत्याने नजर ठेवून सर्वदूर परिस्थितीचा अंदाज बांधण्याची पद्धत) देशव्यापी केले. प्रत्येक केंद्रावर ठराविक काळात ओळीने येणाऱ्या ४०० स्त्रियांच्या, सिफिलिस तपासणीनंतर उरलेल्या रक्ताची चाचणी नाव-पत्ता काढून टाकून केली जाई.

कोणी नकार देण्याचा प्रश्नच नसल्यामुळे हा नमुना संख्याशास्त्रज्ञांना सोयीचा होता. मात्र बाधित रक्त कोणाचे, हे कोणालाच कळत नसल्याने त्या चाचणीचा त्या स्त्रीला काहीही उपयोग नव्हता. उपचार हाताशी नव्हते तोवर या अनामिकतेचे समर्थन करता येत होते. १९९९ मध्ये युगांडातील एका चाचणीत, प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मानंतर बाळाला एक मात्रा दिल्यास, दुसऱ्या औषधाच्या अल्पकालीन उपचाराच्या तुलनेत बाळांमधील संसर्ग जवळपास निम्म्यावर येतो असे दिसले, आणि ते समर्थन लंगडे पडले.

मोजमापाच्याही अडचणी होत्याच. सर्वेक्षणाची केंद्रे मुख्यतः सरकारी रुग्णालयांत असल्याने त्यांत गरीब स्त्रियांचे प्रमाण अधिक असे. शिवाय खासगी डॉक्टर बाधित किंवा संशयित रुग्णांना सरकारी रुग्णालयाकडे पाठवत असल्याने तेथील आकडा फुगे. आंध्र प्रदेशातील गुंटूर जिल्ह्यात संशोधकांनी घरोघरी जाऊन रक्त तपासले, तेव्हा सेंटिनल पद्धतीने काढलेला अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक निघाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) प्रौढांमधील प्रमाण ०.२८ टक्के आढळल्यावर २००७ मध्ये देशातील बाधितांचा अंदाज सुमारे ५२ लाखांवरून सुमारे २५ लाखांवर आणावा लागला. साथ काही एका रात्रीत निम्मी झाली नव्हती, मोजपट्टी बदलली होती.

दरम्यान उपचार पुढे गेले. काहीही न केल्यास गर्भावस्था, प्रसूती आणि स्तनपान मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना आईकडून संसर्ग होऊ शकतो. विषाणूची वाढ रोखणारी औषधे, म्हणजे एआरटी, नियमित घेतल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. म्हणूनच २०१४ पासून भारतात बाधित गर्भवतींना, त्यांची प्रतिकारशक्ती कितीही चांगली असली तरी, आजन्म एआरटी देण्याचे धोरण स्वीकारले गेले.

गर्भवतींमधील राष्ट्रीय प्रमाण २०१७ च्या फेरीत ०.२८ टक्के होते, तर मिझोराममध्ये ते १ टक्क्याहून अधिक होते. मात्र आता असे आकडे वाचताना वेगळी काळजी घ्यावी लागते, कारण उपचारांमुळे पूर्वी दगावल्या असत्या अशा स्त्रिया जगतात, सुदृढ राहतात आणि माताही होतात, त्यामुळे एकूण प्रमाणात जुने संसर्ग मिसळलेले असतात. नव्या संसर्गाचा माग काढण्यासाठी अभ्यासक म्हणूनच १५ ते २४ वयोगटातील गर्भवतींचे आकडे वेगळे काढतात. या वयात लैंगिक संबंध सुरू होऊन फार वर्षे झालेली नसल्याने तेथे आढळणारा संसर्ग बहुधा अलीकडचा असतो.